पार्किंगची गल्ली आणि गुप्त मजकूर: किती जागा रिकामी ठेवायची?

आजच्या व्याख्यानात दोन विषय एकत्र घेतलेत: शहरातलं पार्किंग आणि माहितीचं एन्क्रिप्शन. जोडी विचित्र वाटेल. पण संगणकशास्त्र दोन्हीकडे एकच प्रश्न विचारतं. जागा मोजक्या आहेत, येणारे आपसात ठरवून येत नाहीत, तर दोघांची एकाच जागेवर टक्कर कधी होईल? आणि झाली तर नुकसान किती?

आधी गल्ली बघू. १९६६ साली ॲलन कॉनहाइम आणि बेंजामिन वाइस या गणितज्ञांनी एका शोधनिबंधात एक गमतीशीर गल्ली मांडली. वाहतूक एकेरी, कडेला एका ओळीत गाड्या लावायच्या जागा. नवरा गाडी चालवतोय, बायकोला डुलकी लागलीय. मध्येच ती जागी होते आणि सांगते, लगेच गाडी लाव. समोरची जागा रिकामी असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर पुढे जायचं आणि पहिली रिकामी मिळेल ती घ्यायची. मागे वळता येत नाही. शेवटपर्यंत मिळाली नाही, तर गाडी गल्लीबाहेर.

आता तीन जागा आणि तीन गाड्या घ्या. प्रत्येक गाडीची पसंती तीनपैकी कुठलीही, म्हणजे एकूण २७ शक्यता. त्यातल्या फक्त १६ शक्यतांमध्ये तिन्ही गाड्या लागतात. दहा जागा आणि दहा गाड्या घेतल्या, तर सगळ्यांना जागा मिळण्याची शक्यता २४ टक्क्यांच्या आसपास उरते. म्हणजे जागा गाड्यांइतक्याच असूनही चारातल्या तीन वेळा कुणीतरी बाहेरच राहतं.

या दोघांना खरा रस होता तो संगणकाच्या मेमरीत. हॅश टेबल नावाची एक रचना असते. एखादी नोंद ठेवायची असली, की एक सूत्र सांगतं, अमुक क्रमांकाच्या खान्यात ठेव. तो खाना भरलेला असेल तर पुढचा, तोही भरलेला असेल तर त्याच्या पुढचा. शेवटचा खाना संपला की परत पहिल्यापासून. म्हणजे आपली गल्लीच, फक्त गोल केलेली.

याचं गणित काय सांगतं बघा. टेबल निम्मं भरलेलं असताना नव्या नोंदीला सरासरी अडीच खाने तपासावे लागतात. ८० टक्के भरलं की १३. आणि ९० टक्के भरलं की ५० हून जास्त! असं का होतं? भरलेल्या खान्यांचे पुंजके तयार होतात. पुंजका जितका लांब, तितकी नवी नोंद त्यातच येऊन पडण्याची शक्यता जास्त, आणि ती पडली की पुंजका आणखी लांब होतो.

खऱ्या रस्त्यावर माणसं अशी डोळे मिटून येत नाहीत, त्यामुळे हे आकडे तिथे जसेच्या तसे लावू नका. पण शेवटच्या थोड्या जागा भरताना त्रास एकदम वाढतो, हे तिथेही खरं आहे. अमेरिकेतले प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी २००५ च्या त्यांच्या पुस्तकात हेच मांडलं: रस्त्याकडेच्या जागा साधारण ८५ टक्केच भरलेल्या राहाव्यात, आणि त्यासाठी पार्किंगचा दर ठरवावा. सॅन फ्रान्सिस्कोने २०११ पासून तसा प्रयोग केला. रस्त्यात सेन्सर बसवले. एखाद्या भागात ८० टक्क्यांहून जास्त जागा भरलेल्या दिसल्या, की तासाचा दर २५ सेंटने वाढवायचा. ६० ते ८० मध्ये असेल तर तसाच ठेवायचा, त्याखाली गेला तर कमी करायचा.

आता एन्क्रिप्शनकडे येऊ. हेच कॉनहाइम आयबीएममध्ये होते आणि पुढे डीईएस या एन्क्रिप्शन पद्धतीवर काम करणाऱ्यांपैकी एक होते. १९७७ मध्ये डीईएस अमेरिकी सरकारची प्रमाणित पद्धत झाली. ती मजकुराचे ६४ बिटांचे तुकडे करते आणि एकेक तुकडा किल्ली वापरून बदलते. पुढे किल्ली लहान पडू लागली, म्हणून तीच क्रिया तीनदा करणारी ट्रिपल डीईएस आली. किल्ली मोठी झाली, पण तुकडा ६४ बिटांचाच राहिला.

त्याने काय बिघडतं? वाढदिवसांचा हिशोब आठवा. वर्षाचे ३६५ दिवस म्हणजे ३६५ जागा. खोलीत फक्त २३ माणसं असली, तरी कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. गल्ली जेमतेम ६ टक्के भरली आणि टक्कर झालीसुद्धा. तुकड्यांचं तसंच. एकाच किल्लीने सुमारे ४२९ कोटी तुकडे, म्हणजे ३२ गिगाबाइटच्या आसपास मजकूर पाठवला, की दोन गुप्त तुकडे हुबेहूब सारखे निघण्याची शक्यता ४० टक्क्यांपर्यंत पोचते. आणि तेव्हा ही अवाढव्य गल्ली भरलेली असते किती? ४२९ कोटींत एक भाग!

सीबीसी नावाच्या प्रचलित पद्धतीत प्रत्येक तुकडा आधीच्या गुप्त तुकड्यात मिसळून मगच बदलला जातो. तिथे असे दोन सारखे तुकडे सापडले, की मूळ मजकुराच्या दोन तुकड्यांमधला संबंध उघड होतो. एक ठाऊक असेल तर दुसरा काढता येतो, किल्ली न फोडता. २०१६ मध्ये फ्रान्सच्या इन्रिया संस्थेतल्या दोन संशोधकांनी याच वाटेने ब्राउझरची लॉगिन कुकी मिळवून दाखवली. त्यावर उपाय दोन. एक, किल्ली वेळेत बदलणं. दुसरा, १२८ बिटांचा तुकडा वापरणारी एईएस घेणं. तिथे तेवढाच धोका यायला सुमारे ८५९ कोटी पट मजकूर लागतो.

तर मंडळी, फरक लक्षात घ्या. पार्किंगमध्ये टक्कर झाली तर आपण दोन गाड्या पुढे जातो, म्हणून ८० टक्के भरलेली गल्ली चालते. एन्क्रिप्शनमध्ये एका टकरीने गुपित फुटतं, म्हणून तिथे जवळजवळ सगळी गल्ली रिकामी लागते. पार्किंगच्या जागा असोत की सर्व्हरची सुरक्षा, कुणी कितीही मोठा आकडा सांगितला तरी आधी विचारा: किती भरल्यावर टक्कर होईल, आणि झाली तर काय जाईल?