राजनयिक स्मृतिपदके
राज्यकर्त्यांच्या भेटी, तह, मैत्रीकरार इ. प्रसंगांच्या स्मरणार्थ ओतलेली वा ठशांनी पाडलेली धातूची पदके. नाण्याप्रमाणे त्यांना विनिमयमूल्य नसते. सन्मान, भेटवस्तू व प्रचार यांसाठी ती काढली जातात. युद्धपूर्व काळातील पदकांतून व तत्सम कलाकृतींतून राज्याराज्यांतील संबंधांचे चित्र उमटते. मात्र ते राज्यकर्त्यांनी जगापुढे मांडलेले चित्र असते.

या कलाप्रकाराचा प्रारंभच एका राजनयिक भेटीशी निगडित आहे. ऑटोमन तुर्कांविरुद्ध पश्चिमेचे साहाय्य मिळविण्यासाठी बायझंटिन सम्राट आठवा जॉन पॅलिऑलोगस १४३८ मध्ये इटलीतील फेरारा येथील धर्मपरिषदेस आला. त्या निमित्ताने पीझानेल्लो या चित्रकाराने घडविलेले त्याचे पदक प्रबोधनकालीन पदककलेतील आद्य पदक मानले जाते. दर्शनी बाजूस उंच टोपी घातलेल्या सम्राटाचे पार्श्वमुख, तर मागील बाजूस क्रुसासमोर प्रार्थना करणारा अश्वारूढ सम्राट आहे. पुढे साहाय्यार्थ निघालेल्या ख्रिस्ती सैन्याचा व्हार्ना येथे पराभव झाला (१४४४) व १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल तुर्कांच्या हाती पडले.

पहिल्या महायुद्धापूर्वीची फ्रान्स-रशिया मैत्री हे याचे अर्वाचीन उदाहरण होय. १८९१ मध्ये फ्रेंच आरमाराने क्रॉनश्टाटला व १८९३ मध्ये रशियन आरमाराने तूलाँला भेट दिली. ऑक्टोबर १८९६ मध्ये झार दुसरा निकोलस सपत्नीक पॅरिसला आला. या भेटीच्या स्मृतिपदकावर झ्यूल-क्लेमाँ शाप्लँ याने राजदांपत्याची पार्श्वमुखे कोरली. याच भेटीत सेन नदीवरील पुलाची कोनशिला बसविण्यात आली. निकोलसचा पिता तिसरा अलेक्झांडर याचे नाव दिलेला हा पूल १९०० मध्ये खुला झाला. त्याच्या कमानीच्या एका बाजूस सेनची, तर दुसऱ्या बाजूस रशियातील नीव्हा नदीची जलदेवता आहे.

या उत्सवी प्रतिमांमागे १८९२ मध्ये आखलेला व १८९४ च्या प्रारंभी अंमलात आलेला गुप्त लष्करी करार होता. जर्मनीविरुद्ध फ्रान्सने १३ लाख व रशियाने ७ ते ८ लाख सैन्य उभे करावे, असे त्यात ठरले होते. पदके व शिल्पे यांत या कलमांचा मागमूसही नाही. ऑगस्ट १९१४ मध्ये दोन्ही देश जर्मनीविरुद्धच्या युद्धात उतरले. यास्तव पदक हे भेटीचा प्रसंग, त्यातील व्यक्ती व तत्कालीन शासनाची प्रचारदृष्टी यांबाबत मोलाचे साधन असले, तरी संबंधांचा खरा आशय जाणण्यासाठी ते मूळ दस्तऐवजांशी ताडून पाहावे लागते.