शिक्षा मोठी, म्हणून डोळेझाक

परीक्षेत एखाद्या विद्यार्थ्याजवळ चिठ्ठी सापडली की पुढची वाट आपल्या विद्यापीठांत ठरलेली आहे. पर्यवेक्षक उत्तरपत्रिका ताब्यात घेतो, चिठ्ठी तिला जोडतो, विद्यार्थ्याचा जबाब लिहून घेतो, त्याला कोरी उत्तरपत्रिका देतो आणि वरिष्ठ पर्यवेक्षकाच्या सहीनिशी सगळे बाड विद्यापीठाकडे रवाना होते. निकाल राखून ठेवला जातो. काही महिन्यांनी चौकशी समिती विद्यार्थ्याला बोलावते. आरोप शाबीत झाला तर प्रकरण बहुधा त्या एका पेपरावर भागत नाही. त्या परीक्षेतली त्याची सगळी संपादणूक रद्द होते, आणि कृत्य गंभीर असेल तर पुढच्या परीक्षेची दारेही बंद होतात. या यंत्रणेच्या पाठीशी कायदा आहे. विद्यापीठ आणि मंडळाच्या परीक्षांतले गैरप्रकार रोखण्यासाठी महाराष्ट्राने १९८२ मध्येच स्वतंत्र अधिनियम केला, आणि २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने चौकशीचे काम परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या समितीकडे दिले. भरारी पथके आहेत, बैठी पथके आहेत. एवढे असूनही ‘चिठ्ठी दे इकडे आणि गप्प लिही’ एवढ्यावर मिटलेली प्रकरणे कुठल्या कागदावर येत नाहीत, आणि ती थोडी नसतात हे महाविद्यालयात वावरणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. याचा दोष सहसा प्राध्यापकांच्या ढिलाईला दिला जातो. मला तो दोष शिक्षेच्या आकारात दिसतो. प्राध्यापकाच्या हाती एक तर काहीच नाही, नाहीतर विद्यार्थ्याचे वर्ष घेणारी कारवाई. अशा वेळी माणूस काहीच न करणे निवडतो.

त्याच्या जागी उभे राहून हिशेब मांडला तर हे सहज पटेल. एक प्रकरण नोंदवायचे म्हणजे अहवाल लिहा, समितीसमोर उभे राहा, पालकांची विनवणी ऐका, क्वचित एखाद्या संघटनेच्या कार्यकर्त्यांना तोंड द्या. निकालाची टक्केवारी खाली आली तर प्राचार्यांची नाराजी वेगळीच. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्याला तर पुढच्या सत्रात पुन्हा बोलावतील की नाही याचीच खात्री नसते, त्याने हे अंगावर का घ्यावे? आणि समोर बसलेला मुलगा घरातला पहिला पदवीधर होऊ घातलेला असेल, तर त्या एका चिठ्ठीपायी त्याचे वर्ष घालवायला हात धजत नाही. ही दया खोटी नाही. पण तिचा परिणाम असा, की कडक शिक्षेच्या भीतीने विद्यार्थी सुधारण्याऐवजी शिक्षकच दबून राहतो. शिक्षेच्या कठोरपणापेक्षा ती नक्की होणार ही खात्री गुन्ह्याला जास्त आवर घालते, असे इटालियन विचारवंत चेझारे बेक्कारियाने १७६४ मध्ये मांडले होते. आपल्या परीक्षा विभागांनी बरोबर उलटी व्यवस्था उभी केली आहे.

हे दुखणे फक्त आपले नाही. अमेरिकेत विल्यम बॉवर्स यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ९९ महाविद्यालयांतल्या पाच हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी केली, तेव्हा निम्म्याहून अधिकांनी कोणती ना कोणती लबाडी केल्याचे स्वतःच कबूल केले. पुढे रटगर्स विद्यापीठाचे डोनाल्ड मॅकेब दोन दशके याच विषयाच्या मागे लागले. त्यांनी प्राध्यापकांनाही प्रश्न विचारले, आणि बहुतेकांचा कल प्रकरण आपल्या पातळीवर, गाजावाजा न करता मिटवण्याकडे असल्याचे त्यांना आढळले. वरवर पाहता यात वाईट काय? वाईट हे, की परस्पर मिटवणे म्हणजे अनेकदा परस्पर शिक्षा करणे असते. संशय आलेल्या मुलाचे अंतर्गत गुण हळूच कमी होतात, तोंडी परीक्षेत त्याला जरा जास्तच तासले जाते, जर्नलवर सही मिळायला आठवडा लागतो. आरोप काय ते त्याला कळत नाही, उत्तर देण्याची संधी मिळत नाही, दाद मागण्याचा प्रश्नच येत नाही. आणि ज्याची ओळख आहे, तो सुटतो.

न्यायालयांनी या बाबतीत फार पूर्वी रेघ ओढून दिली आहे. उत्तर प्रदेशच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने १९५४ च्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या तीन विद्यार्थ्यांचे निकाल त्यांना काहीही न विचारता रद्द केले होते. घनश्याम दास गुप्ता यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये सांगितले, की अशा समितीने न्यायदानाच्या रीतीनेच वागले पाहिजे, ज्याच्यावर आरोप आहे त्याचे म्हणणे ऐकलेच पाहिजे. प्राध्यापक मंडळी या निकालाचा धसका घेतात आणि ‘पुरावा कोर्टात टिकणार नाही’ म्हणून गप्प बसतात. पण त्यानंतरचे निकाल त्यांच्या बाजूचे आहेत. बागलेश्वर प्रसाद प्रकरणात दोन उत्तरपत्रिकांतल्या चुकासुद्धा सारख्या होत्या. एवढ्यावरून समितीने काढलेला निष्कर्ष सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला आणि अशा निर्णयांत न्यायालयांनी उठसूट हात घालू नये, असेही बजावले. आपल्याकडचे १९९१ चे के. एस. गांधी प्रकरण तर वाचण्यासारखे आहे. महाराष्ट्राच्या दहावीच्या परीक्षेत नियामकांच्या गुणपत्रकांत खाडाखोड झाली होती. ती कोणी केली याचा साक्षीदार नव्हता, आणि मंडळाने निकाल रद्द केल्यावर मुंबई उच्च न्यायालयाने मंडळाची कारवाई फिरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा उभी केली. फौजदारी खटल्यातला निःसंशय पुरावा इथे लागत नाही, सिद्ध झालेल्या गोष्टींवरून निघणारी दाट शक्यता पुरते, असे त्या निकालाचे सार आहे. म्हणजे कायदा प्राध्यापकाकडून दोनच गोष्टी मागतो: विद्यार्थ्याला विचारा, आणि कारण लिहून ठेवा.

खरी पोकळी परीक्षेच्या सभागृहाबाहेर आहे. आता गुणांचा मोठा वाटा अंतर्गत मूल्यमापनाचा असतो. असाइनमेंट, जर्नल, प्रकल्प, सेमिनार. इथे नक्कल उघड्यावर चालते. एकाची फाइल वर्गभर फिरते, मागच्या वर्षीचा प्रकल्प मुखपृष्ठ बदलून येतो, झेरॉक्सच्या दुकानात तयार माल मिळतो. प्रॉक्सी हजेरीही याच कुळातली. यावर नियम कोणता? विद्यापीठ अनुदान आयोगाचे वाङ्मयचौर्यविरोधी विनियम २०१८ मध्ये आले, आणि त्यांची रचना खरे तर शहाणपणाची आहे. दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. दहा ते चाळीस टक्क्यांना सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचे. चाळीस ते साठला वर्षभर सुधारित प्रबंध सादर करायला मनाई. साठच्या वर नोंदणीच रद्द. विभागाची एक समिती, तिच्यावर संस्थेची एक. पण त्याच विनियमांच्या व्याख्येत असाइनमेंट, सत्र निबंध, प्रकल्प अहवाल आणि उत्तरपत्रिका स्पष्टपणे वगळल्या आहेत. प्रबंध लिहिणाऱ्या मूठभरांसाठी पायऱ्यापायऱ्यांची शिक्षा, आणि पदवीच्या लाखो विद्यार्थ्यांसाठी काहीच नाही.

ही पोकळी असतानाच चॅटजीपीटी आले आणि प्राध्यापकांनी दुसऱ्या यंत्राचा आधार शोधला. तो आधार कच्चा आहे. लिखाण यंत्राचे की माणसाचे हे ओळखणारे स्वतःचे साधन ओपनएआयने २०२३ च्या जुलैत अचूकता कमी असल्याचे सांगून बंद केले. अमेरिकेच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने त्याच वर्षी टर्निटिन या कंपनीची अशीच सोय थांबवली. कंपनी म्हणते तशी चूक केवळ एक टक्का धरली, तरी त्यांच्याकडच्या वर्षाच्या ७५,००० लेखांपैकी ७५० निर्दोष लेखांवर शिक्का बसला असता, हा त्यांचा हिशेब. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात साधने तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेलसाठी लिहिलेल्या ९१ निबंधांपैकी सरासरी ६१ टक्के निबंध या साधनांनी यंत्राचे ठरवले. साधे शब्द, मोजकी वाक्यरचना हाच त्यांचा गुन्हा. मराठी माध्यमातून येऊन इंग्रजीत असाइनमेंट लिहिणाऱ्या मुलामुलींनी या आकड्याकडे जरूर पाहावे, आणि त्यांच्या शिक्षकांनी तर आधी. या साधनाची टक्केवारी म्हणजे फार तर प्रश्न विचारायला निमित्त. ‘हा परिच्छेद तू असा का लिहिलास’ हे पाच मिनिटे समोर बसवून विचारले, तर जे कळते ते कोणत्याही सॉफ्टवेअरला कळत नाही.

तेव्हा मागणी एवढीच: प्राध्यापकाला छोटी शिक्षा करण्याचा लेखी अधिकार द्या. त्या एका असाइनमेंटला शून्य, किंवा पुन्हा लिहून आणण्याची सक्ती आणि गुणांना मर्यादा. त्याआधी विद्यार्थ्याशी बोलणे बंधनकारक, कारण दोन ओळींत लिहिणे बंधनकारक, विद्यार्थ्याची सही, आणि आठवडाभरात विभागप्रमुखाकडे दाद. ब्रिटनमध्ये २०१० साली विद्यापीठांसाठी एक संदर्भ-दरपत्रक तयार झाले. विद्यार्थ्याचा हा पहिला प्रसंग आहे की नाही, उचललेला मजकूर किती, तो कोणत्या वर्षाला शिकतो, त्या कामाला गुण किती, यांना अंक देऊन बेरजेनुसार शिक्षा ठरवायची. यातली पहिली कसोटी नोंदवहीशिवाय लावताच येत नाही. आज एकाच विद्यार्थ्याला चार विषयांचे चार शिक्षक ‘पहिलीच वेळ आहे’ म्हणून सोडतात, कारण तिघांनी आधी सोडले हे चौथ्याला ठाऊक नसते.

यावर पहिला आक्षेप येतो तो मनमानीचा, आणि तो हलका नाही. अंतर्गत गुणांचा धाक दाखवणारे शिक्षक आहेत. जात, भाषा, गाव पाहून वागणारेही आहेत. पण तो धाक आजही आहेच, फक्त त्याची नोंद नाही. लिहिलेल्या शिक्षेविरुद्ध अर्ज करता येतो, हळूच कापलेल्या पाच गुणांविरुद्ध काय करणार? शिवाय नोंदी जमल्या की एखादा शिक्षक ठरावीक मुलांनाच पकडतो आहे का, हेही दिसू लागते. दुसरा आक्षेप असा, की सौम्य शिक्षेने लबाडी बोकाळेल. ती बोकाळलेली आहे, आणि कडक शिक्षेच्या राज्यातच बोकाळली आहे. पेपर फोडणारे, डमी बसवणारे, गुणपत्रके फिरवणारे यांच्यासाठी मोठी शिक्षा राहूच दे. त्यांची आणि मित्राचे जर्नल उतरवणाऱ्याची एकाच मापाने मोजणी नको.

तिसरा आक्षेप मात्र मला अर्धाच परतवता येतो. शंभरांचा वर्ग, प्रत्येकी चार असाइनमेंट, आणि जागा रिकाम्या ठेवून तासांवर चालवलेला विभाग. पाच मिनिटे बोलायला वेळ आणायचा कुठून? असाइनमेंटची संख्या निम्मी करून उरलेल्या वेळात तोंडी प्रश्न घेणे हा एक मार्ग आहे, कारण न वाचता तपासलेली चार कामे आणि वाचून तपासलेले एक यांत दुसरेच खरे मूल्यमापन. तरी तासाच्या मानधनावरच्या माणसाकडून कायम नोकरीतल्या माणसाची हिंमत मागणे अन्यायाचे आहे. रिकामी पदे भरल्याशिवाय हा भाग सुटणार नाही, आणि तो दोष सरकारचा आहे.

बाकी सगळ्यासाठी नवा कायदा लागत नाही. विद्यापीठांच्या विद्या परिषदांनी असाइनमेंट आणि प्रकल्पांसाठी एक पानी नियम करावा, महाविद्यालयांनी नोंदवही उघडावी, आणि सत्राच्या पहिल्या तासाला प्राध्यापकांनी तो नियम वर्गात वाचून दाखवावा. विद्यार्थ्यांनीही आपल्या विद्यापीठाकडे असा नियम आहे का, ते लेखी विचारावे.