लांबच्या विमानप्रवासानंतर लगेच गाडी चालवावी का?

उन्हाळ्यात मुंबई आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या वेळेत साडेबारा तासांचा फरक असतो. तिथे दुपारचे २ वाजतात, तेव्हा मुंबईहून आलेल्याच्या शरीरात रात्रीचे अडीच झालेले असतात. अशा वेळी दोन-तीन सेकंदांची डुलकी लागते आणि ती कळतही नाही. ताशी १०० किमी वेगात तेवढ्या वेळात गाडी ८० मीटर पुढे गेलेली असते. त्यात तिथे गाडी रस्त्याच्या उजवीकडून चालवायची! कॉफीने तरतरी येते, झोप भरून निघत नाही. म्हणून भाड्याची गाडी दुसऱ्या दिवशी घ्यावी. पहिल्या दिवशी तिथल्या मुला-सुनेला नाहीतर टॅक्सीवाल्याला चालवू द्यावं. गोल्डन गेट पूल, मग ओशन बीचवर उन्हात थोडं चालणं, एवढंच पुरे. योसेमिटीला गाडीने चारेक तास लागतात, ते परवा.