गाऱ्हाणे आणि ठराव

दक्षिण कोकणात ग्रामदैवतापुढे गाऱ्हाणे घालण्याची पद्धत आहे. एक जाणता माणूस देवापुढे उभा राहून साऱ्या गावाच्या वतीने बोलतो आणि मागे उभी असलेली मंडळी त्याला 'व्हय महाराजा' म्हणून साथ देतात. गाऱ्हाणे घालून झाले की गाव हलक्या मनाने घरी जातो. पुढचे देव पाहून घेतो. या पद्धतीला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. परंतु हीच सवय आपण ग्रामसभेत आणि आळीच्या बैठकीतही नेली आहे, हे सांगितले पाहिजे. एकजण उठून पाण्याचे बोलतो, दुसरा गटाराचे बोलतो, बाकीचे माना डोलावतात, समोर बसलेले सरपंच किंवा नगरसेवक 'बघतो' म्हणतात आणि सभा उठते. पुढच्या वर्षी तेच पाणी, तेच गटार आणि तीच सभा.

माझी उमर कामगार संघटनेच्या कामात गेली. शाळा फारशी झाली नाही. जे शिकलो ते गेट-सभेत, वाटाघाटीच्या टेबलाशी आणि रात्री कायद्याची पुस्तके चाळताना. त्यातून एक गोष्ट पक्की ध्यानात आली. गाऱ्हाणे आणि ठराव या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. गाऱ्हाण्यात दुःख असते. ठरावात काम असते. पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर करणे ही एक विद्या आहे, आणि ती कोणालाही शिकता येते. तिच्याविषयीच येथे चार शब्द सांगावयाचे आहेत.

प्रथम, बोलावयाचे कोठे, ते पाहू. खेड्यात राहणाऱ्या माणसाला त्यासाठी हक्काची जागा आहे. ती म्हणजे ग्रामसभा. १९५८ सालच्या ग्रामपंचायत कायद्यात ती आहे, आणि २४ एप्रिल १९९३ पासून लागू झालेल्या ७३व्या घटनादुरुस्तीने तिला घटनेत स्थान मिळाले. गावच्या मतदारयादीत ज्याचे नाव आहे, तो प्रत्येक स्त्री-पुरुष तिचा सभासद असतो. त्यास कोणी निवडून द्यावे लागत नाही की नेमावे लागत नाही. वर्षातून निदान चार सभा घ्याव्यात असा नियम आहे. सभेच्या गणपूर्तीसाठी एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी माणसे हजर लागतात. तितकी जमली नाहीत तर सभा तहकूब होते. आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. याचा अर्थ नीट समजून घ्यावा. पहिल्या दिवशी शंभर माणसांना वेळ झाला नाही, तर नंतर जमलेल्या दहा जणांचा निर्णय हा साऱ्या गावाचा निर्णय ठरू शकतो. घरी बसलेला माणूस आपले मत राखून ठेवीत नसतो. तो ते दुसऱ्याच्या हवाली करीत असतो.

शहरातल्या माणसाची गोष्ट वेगळी आहे. १ जून १९९३ पासून लागू झालेल्या ७४व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या, परंतु त्या तीन लाख किंवा त्याहून अधिक वस्तीच्या शहरांसाठी. कर्जत, खोपोली, माथेरान अशा लहान नगरपालिका त्या सक्तीच्या बाहेर राहिल्या. पुढे २००९ साली शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद राज्याच्या कायद्यात आली, पण बहुतेक ठिकाणी ती कागदावरून खाली उतरली नाही. त्यातच मधली काही वर्षे निवडणुका लांबल्याने राज्यातल्या अनेक नगरपालिकांचा कारभार प्रशासकांकडे होता. नगरपालिकांच्या निवडणुका झाल्या त्या डिसेंबर २०२५ मध्ये. तात्पर्य, आपण शहरवासी स्वतःला खेड्याच्या पुढे गेलेले समजतो, पण हक्काने बोलण्याच्या जागेबाबत आपण खेड्याच्या मागेच आहोत. दहिवली असो, मुद्रे असो की भिसेगाव, आळीची बैठक आळीनेच बोलवावी लागते. कोणी बोलवील याची वाट पाहत बसलो, तर ती भरणारच नाही.

आता अशा बैठकीत काय होते ते पाहा. पाणी एक दिवसाआड येते, गटार तुंबले आहे, कोपऱ्यावरचा दिवा बंद आहे, स्टेशनाकडचा रस्ता खचला आहे, कचऱ्याची गाडी येत नाही. ही सारी गाऱ्हाणी एकाच वेळी, एकाच माणसापुढे मांडली जातात. परंतु त्यांचे धनी निरनिराळे असतात. रस्ता एकच दिसला तरी त्याचा एक तुकडा नगरपालिकेचा, पुढचा सार्वजनिक बांधकाम खात्याचा, आणि शहराबाहेर गेला की जिल्हा परिषदेचा असू शकतो. विजेचा खांब वीज कंपनीचा असला तरी रस्त्यावर उजेड ठेवण्याचे कर्तव्य नगरपालिकेचे असते. आपले कर्जत हे जंक्शनचे गाव. येथे रेल्वेची हद्द वस्तीला लागून आहे, आणि त्या हद्दीतल्या नाल्याचा जाब नगरपालिकेच्या माणसास विचारून उपयोग नसतो. म्हणून पहिले काम धान्य पाखडण्यासारखे आहे. कोणते गाऱ्हाणे कोणाच्या दारात न्यावयाचे, ते वेगळे काढावे. १९६५ सालच्या नगरपरिषद कायद्यात नगरपालिकेची आवश्यक कर्तव्ये आणि ऐच्छिक कर्तव्ये वेगवेगळी सांगितली आहेत. दिवाबत्ती, सफाई, गटारे, पाणी ही आवश्यक कर्तव्यांत येतात. आपण जेव्हा गटाराविषयी बोलतो, तेव्हा उपकार मागत नसतो. कायद्याने सांगितलेल्या कामाची आठवण देत असतो. हे एकदा मनात ठसले की माणसाचा आवाज बदलतो.

दुसरे काम मोजण्याचे. याचे उदाहरण माझ्या कामातले देतो. खालापूर भागातल्या एका कारखान्यात कामगार तीन उन्हाळे फोरमनला सांगत होते, 'साहेब, प्यायचं पाणी तापलेलं येतं.' फोरमन म्हणत, 'बघतो.' चौथ्या वर्षी आम्ही दोघातिघा पोरांना कागद-पेन्सिल देऊन मोजावयास बसवले. तिन्ही पाळ्या मिळून माणसे किती, नळ किती, टाकी पत्र्याच्या छपरापासून किती हातांवर आहे, दुपारी पाणी प्यायला एका माणसाला रांगेत किती वेळ लागतो. मोजणीत निघाले की माणसे अडीचशेच्या वर आहेत. आणि त्या वेळी लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्यात लिहिलेले होते की, जेथे २५० हून अधिक कामगार काम करतात, तेथे उन्हाळ्यात पिण्याचे पाणी थंड करण्याची सोय असली पाहिजे. तीन वर्षे जे गाऱ्हाणे होते, ते एका कागदावर मागणी होऊन उभे राहिले. संप करावा लागला नाही. 'पाणी तापते' याला 'बघतो' हे उत्तर पुरते; 'येथे अडीचशेच्या वर माणसे आहेत' याला ते पुरत नाही.

आळीच्या बैठकीलाही हेच लागू आहे. 'पाणी येत नाही' असे म्हणू नये. कोणत्या गल्लीत, किती घरांना, आठवड्यातून किती दिवस, किती वेळ, हे एक आठवडाभर लिहून काढावे. मग त्या कागदाला पाच प्रश्न विचारावेत. नेमके काय करावयाचे? कोणी करावयाचे? पैसा कोणत्या खात्यातून? कोणत्या तारखेपर्यंत? आणि झाले की नाही, हे पाहणार कोण? पैशाचा प्रश्न विचारण्यास आपली माणसे संकोचतात, पण त्यातच खरी मेख असते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी ग्रामपंचायतींच्या अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांसाठीच राखून ठेवली होती. ज्या गावाला हे ठाऊक होते, त्याला 'पैसा नाही' या उत्तरावर पुढचा प्रश्न विचारता येत होता.

तिसरे काम ठराव लिहून घेण्याचे. सभेच्या नोटिशीत शेवटी एक ओळ असते: 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय.' लोकांची बहुतेक गाऱ्हाणी या शेवटच्या ओळीत जाऊन पडतात. आणि तेथवर पोहोचेपर्यंत निम्मी सभा उठलेली असते. म्हणून आपला विषय नोटीस निघण्यापूर्वी लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. सूचक कोण, अनुमोदक कोण, हे ठरवून जावे. आणि प्रोसीडिंगमध्ये काय लिहिले ते सभा संपण्यापूर्वी वाचून घ्यावे. 'चर्चा झाली' आणि 'ठरले' या दोन शब्दांत केवढे अंतर आहे, हे ज्याने वाटाघाटी केल्या आहेत तोच जाणतो.

तरीही ठराव झाला म्हणजे काम झाले, असे नव्हे. याचा सर्वांत मोठा धडा आपल्याच जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, घडलेला आहे. सार्वजनिक पैशाने बांधलेले पाणवठे अस्पृश्यांस मोकळे असावेत, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात मंजूर झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. तेव्हा सुरेंद्रनाथ टिपणीस अध्यक्ष होते. ठराव निर्दोष होता. परंतु तीन वर्षे त्या ठरावाने कोणाची तहान भागली नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी तळ्यापर्यंत चालत गेले आणि पाणी प्यायले, तेव्हा त्या कागदाला प्रथम अर्थ आला. पुढे ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. प्रकरण न्यायालयात गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल तळे सर्वांना खुले राहण्याच्या बाजूने लागला. या हकिकतीतून तीन गोष्टी घ्यावयाच्या. कागदावरचा ठराव आपोआप चालत नाही. झालेला ठराव फिरवलाही जातो. आणि तरीही कागद निरुपयोगी नाही, कारण तळ्याकडे गेलेली माणसे नगरपालिकेने आधीच मान्य केलेला हक्क बजावीत होती.

आपल्या तालुक्यातलेही एक नाव येथे घेतले पाहिजे. माथेरानच्या नाभिक कुटुंबात १९१२ साली जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल, वकील झाले, माथेरान नगरपालिकेत निवडून गेले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटील यांच्यासह हुतात्मा झाले. त्यांचे हौतात्म्य आपल्याला माहीत असते. त्यांनी काढलेल्या धान्यकोठ्यांची आठवण कमी निघते. पावसाळ्यात घरातले भात संपले की शेतकरी आणि आदिवासी सावकाराच्या दारात जात. सावकाराच्या नावाने बोटे मोडणारे पुष्कळ होते. कोतवालांनी भात साठवून गरजेच्या वेळी देण्याची आणि पीक आल्यावर ते परत घेण्याची व्यवस्था उभी केली. गाऱ्हाणे ऐकणे आणि त्याची व्यवस्था लावणे यांतला फरक यापेक्षा सोपा करून सांगता येणार नाही.

आणि आता एक जड गोष्ट. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले. ५७ माणसे सापडलीच नाहीत. सरकारने सांगितले की ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. एखाद्या ठरावाने ही माणसे वाचली असती, असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. डोंगर कोणाचा ठराव वाचत नाही. परंतु यादी कशी तयार होते, हा प्रश्न आपल्याला विचारता येतो. कचेरीत बसून केलेल्या यादीला प्रत्येक उतार दिसत नाही. जमिनीला भेग कोठे पडली, झऱ्याचे पाणी कधी गढूळ झाले, झाड कोणत्या बाजूस कलले, हे तेथे राहणाऱ्या माणसाला आधी दिसते. त्याने ते पाहिले आणि शेजाऱ्याला सांगितले, एवढ्याने ते यादीत येत नाही. ते सभेत बोलले गेले, लिहिले गेले, तहसील कचेरीपर्यंत गेले, तरच त्याची चौकशी होण्याचा संभव असतो. घाटमाथ्याचे पाणी भिवपुरीच्या वीजघरातून १९२२ पासून खाली येते आणि आपली उल्हास नदी ऐन मे महिन्यातही वाहती राहते. तरी डोंगरावरच्या वाड्यांतल्या बाया उन्हाळ्यात हंडे घेऊन पायपीट करतात. त्यांची पायपीट कोणत्या वहीत लिहिलेली आहे?

म्हणून शेवटची सूचना हजेरीविषयी. बैठकीत कोण आले, यापेक्षा कोण आले नाही, हे आधी पाहावे. पाणी भरते ती बाई त्या वेळी चुलीपाशी असते. भाड्याच्या खोलीत राहणारा मजूर आपल्याला कोण विचारतो म्हणून येत नाही. मुंबईला जाणारा चाकरमानी रात्रीच्या लोकलने परततो. आपल्या कायद्यात ग्रामसभेपूर्वी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद आहे, ती शोभेसाठी नाही. शहरातल्या आळीनेही तेच करावे. बैठकीची वेळ बायांना आणि चाकरमान्यांना विचारून ठरवावी.

बैठकीनंतर महिनाभराने सर्वांनी पुन्हा जमावे आणि पहिला विषय एकच घ्यावा: मागल्या वेळी ठरले त्याचे काय झाले? उत्तर मिळत नसेल तर २००५ चा माहितीचा अधिकार कायदा आहे. दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत माहिती द्यावी लागते. आणि काम झाले असेल, तर तेही सभेत सांगावे, ज्याने केले त्याचे नाव घ्यावे. संघटना केवळ रागावर टिकत नाही; आपल्या बोलण्याने काही झाले, हे लोकांना दिसावे लागते. एवढ्यासाठी फार विद्वत्ता लागत नाही. दोनशे पानी वही, एक जबाबदार माणूस, आणि तारीख लक्षात ठेवून पुन्हा विचारण्याची चिकाटी, इतके पुरते. ही व्याख्यानमाला ऐकावयास जितकी माणसे येतात, त्यांतली निम्मी जरी आपापल्या आळीत अशी वही घालतील, तर पुढच्या वसंतात आपल्याला गाऱ्हाण्यांऐवजी हिशेब ऐकावयास मिळेल.