बोर्डावर नसलेलं नाव

परभणी स्टेशनाबाहेर त्या खाणावळीचं बोर्डावरचं नाव विचारलंत तर कुणी सांगणार नाही. ‘मावशींकडं’ म्हणा, रिक्षावाला दारात नेऊन सोडतो. उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला आम्हा चौघांना प्रकल्प मिळाला होता : एखाद्या जुन्या हॉटेलाला नवं रूप द्या. मी परभणीचा, म्हणून ही खाणावळ निवडली. पुढं बोर्ड आणि वेष्टनं काढूनच पोट भरलं, पण तो प्रकल्प आठवला की अजून कान गरम होतात.

आम्ही आधी नाव बदललं. वर ठसठशीत इंग्रजी अक्षरं, खाली बारीक देवनागरी. चिन्ह म्हणून चूल, तपकिरी रंग आणि ‘अस्सल गावरान’ अशी ओळ. जेवणारे सगळे जिंतूर, पालम, सोनपेठकडचे. त्यांनाच आम्ही गावरानपणा विकायला निघालो होतो. मावशींनी सगळे कागद नीट पाहिले.

“चांगलं काढलंय लेकरांनो. पण मेंबरची वही कुठं ठेवायची?”

आमच्या नव्या गल्ल्यात वहीला जागाच नव्हती. आणि खाणावळ चालते ती वहीवर. महिन्याचे पैसे भरून दोन्ही वेळ जेवतो तो मेंबर. आधी सांगून गावी गेला तर खाडा मांडायचा, तेवढे पैसे वळते करायचे. मेंबरचा पाहुणा आला तर तो वेगळा मांडायचा. परभणीत 1972 साली कृषी विद्यापीठ झालं, बाहेरगावची मुलं आली, शिवाय बदलीवर आलेले कारकून आणि आता स्पर्धा परीक्षावाले. एकटा माणूस शहरात आला की आधी खोली शोधतो, मग खाणावळ. महिनाअखेरीला कुणाचे पैसे थकले तरी ताट थांबत नाही, हेही त्या वहीतच दिसतं. हॉटेलात गिऱ्हाईक असतं. इथं नाव असतं.

आमची नजर गेलीच नाही अशी दुसरी गोष्ट म्हणजे पीठ. मावशी भाकरीला रब्बीची टाळकी ज्वारीच घेतात. खरिपाचं कणीस पावसात सापडलं की दाणा काळा पडतो. रब्बीचा दाणा कोरड्या थंडीत भरतो, पांढरा राहतो. ‘परभणी मोती’ हे वाण इथल्याच विद्यापीठाचं, रब्बीचं. ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून उकळतं पाणी घालून पीठ मळायचं. आणि दळण रोजचं हवं. पीठ शिळं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना कडेला तडकते. आम्ही रंगाच्या छटांवर दोन रात्री वाद घातला. गिरणीत एकदाही गेलो नाही.

बोर्डाबद्दल मात्र मला आज जास्त वाईट वाटतं. जुना बोर्ड पत्र्याचा, पेंटरनं एनॅमलनं रंगवलेला. शिरोरेषा जाड, अक्षरांच्या उजव्या अंगाला लाल सावली, आणि ‘खाणावळ’मधला ‘ळ’ असा गरगरीत की ताटात वाढावा. खाली उर्दूतही एक ओळ होती. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाचा. जुन्या परभणीला दोन्ही लिप्या वाचायची सवय. आम्ही अहवालात त्या बोर्डाला ‘कालबाह्य’ म्हटलं होतं. आज तसा ‘ळ’ मला संगणकावर जमत नाही.

पुढं कायद्यानंच आमचा आराखडा निकालात काढला. 2022च्या दुरुस्तीनं दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली, आणि मराठी अक्षरं इतर लिपीहून लहान नकोत असं ठरलं. 2023च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानं पाट्या बदलायला दुकानदारांना दोन महिने दिले. मावशींना काही बदलावं लागलं नाही. त्यांची मराठी ओळ पहिल्यापासूनच मोठी होती.

आमच्या चाळीस पानांतला एकच कागद खाणावळीत लागला : कुठल्या वारी कुठली भाजी, याचा तक्ता. तोही मावशींनी दुरुस्त केला. बुधवारची शेव-भाजी खोडून तिथं येसर लिहिलं. धने, जिरे, खोबरं, डाळी भाजून दळलेलं येसर. त्याची झणझणीत आमटी, कुस्करलेली भाकरी आणि वर कच्चा कांदा.

परभणीला उतरलात आणि तो बुधवार असला, तर साडेबाराच्या आत जा. नंतर येसर उरत नाही.