घोयरा घरी आणलाच, तर…

गेल्या पावसाळ्यात ओपीडी संपता संपता आमच्या वॉर्डातल्या एक सिस्टर मोबाइल घेऊन आल्या. ‘सर, मुलाने गावाहून सरडा आणलाय. इतका गरीब आहे, हातावर नुसता बसून राहतो. पण दोन दिवस काही खाल्लं नाही त्याने.’ फोटोत काळपट पडलेला, डोळे खोल गेलेला घोयरा होता. शेजारी त्यांची दीड वर्षाची मुलगी त्याच्याकडे हात पुढे करून उभी. मी माणसांचा डॉक्टर. तरी त्या फोटोत मला काळजी करण्यासारखे दोघे जण दिसले.

घोयरा म्हणजे शॅमेलिऑन. कुंपणावर मान हलवणारा, विणीच्या हंगामात गळा लाल होणारा नेहमीचा सरडा वेगळा. घोयऱ्याचे दोन्ही डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरतात, शेपटीची गुंडाळी होते आणि पाय चिमट्यासारखे फांदी धरतात. जगात त्याच्या दोनशेहून अधिक जाती आहेत, भारतात एकच. तो विषारी नाही.

‘गरीब’ की आजारी?

रानातला लहान प्राणी आजार लपवतो, कारण अशक्त दिसला की शिकारी त्यालाच उचलतो. त्यामुळे घोयरा मलूल दिसू लागतो तेव्हा दुखणे बरेच पुढे गेलेले असते. दिवसा डोळे मिटून बसणे हे तर धोक्याचे लक्षण. जुलाब झालेल्या बाळाचे डोळे खोल गेले की आम्ही शरीरातले पाणी कमी झाल्याचे ओळखतो. घोयऱ्यातही ही खूण तशीच वाचायची.

रंगाचेही तसेच. त्याच्या त्वचेतील पेशींत अतिसूक्ष्म स्फटिक असतात. त्यांच्यामधले अंतर बदलले की परावर्तित होणारा प्रकाश बदलतो, हे जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये मादागास्करच्या एका जातीत दाखवले. पण हा बदल केवळ लपण्यासाठी नसतो. भीती, थंडी, आजारपण यांतही रंग काळवंडतो. शिवाय रानातल्या प्राण्याच्या पोटात बहुधा जंत असतातच. एरवी शरीर त्यांना आवरून धरते. पकडल्याच्या ताणाने प्रतिकारशक्ती घटली की ते उचल खातात.

पाळणे का जमत नाही?

वाटीत पाणी ठेवले तर घोयरा बहुधा त्याकडे बघतही नाही. तो पानांवरचे दवाचे, पावसाचे थेंब चाटतो. हाडांसाठी त्याला कॅल्शियम लागते आणि ‘ड’ जीवनसत्त्व तयार करायला उन्हातले अतिनील किरण. खिडकीची काच नेमके हेच किरण अडवते. मग मुलांना मुडदूस होतो तशी त्याची हाडे मऊ पडतात, पाय वाकतात.

घरच्यांची काळजी

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात साल्मोनेला जिवाणू असू शकतात. प्राणी ठणठणीत दिसला तरी ते विष्ठेतून बाहेर पडतात, त्याच्या अंगाला लागतात. तिथून आपल्या हाताला आणि तोंडात. सहसा सहा तास ते सहा दिवसांत ताप, पोटात कळा, जुलाब सुरू होतात. तान्ह्या बाळांमध्ये संसर्ग रक्तात, क्वचित मेंदूच्या आवरणापर्यंतही जातो. मुले आजारी पडू लागल्याने अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांहून लहान पाठीच्या कासवांची विक्री बंद केली. म्हणून पाच वर्षांखालची मुले, गर्भवती, वृद्ध आणि केमोथेरपी घेणारे रुग्ण यांना अशा प्राण्यापासून दूरच ठेवावे. असा प्राणी घरात असताना कुणाला जुलाब झाले, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे.

मग करायचे काय?

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोयऱ्याला संरक्षण आहे. त्याला पकडणे, विकणे, पाळणे गुन्हा आहे. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करावा. माणसे येईपर्यंत:

• हवा खेळेल अशा मोठ्या खोक्यात किंवा जाळीच्या टोपलीत पानांसकट फांद्या ठेवून त्याला सोडावे. काचेच्या बरणीत ठेवू नये. उन्हात ती भट्टी होते.
• पानांवर स्प्रेने बारीक पाणी मारावे. ड्रॉपरने तोंडात पाणी ओतू नये. ते फुप्फुसात जाऊ शकते. बळेच भरवूही नये.
• टोपली शांत, उबदार जागी, मांजर-कुत्र्यापासून दूर ठेवावी. पुन्हापुन्हा हातात घेऊ नये.
• स्पर्श झाल्यास साबणाने हात धुवावेत. टोपली स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नये.
• दिसेल त्या बागेत परस्पर सोडू नये.

सिस्टरांनी त्याच दुपारी फोन केला. वनरक्षक आले तेव्हा त्यांनी मुलाला रागावण्याआधी एकच विचारले, ‘कुठल्या झाडावर सापडला?’ पोराने मामाच्या बांधावरची बोर नेमकी सांगितली. तब्येत सावरल्यावर घोयऱ्याला तिथेच सोडणार, असे सांगून ते त्याला घेऊन गेले. सिस्टरांनी मुलीचे हात दोनदा साबणाने धुतले. तिला पुढचा आठवडाभर काही झाले नाही, हे त्या मला रोज सांगत होत्या.