मांजरीच्या रूपातली देवी

मंडळी, मांजर घरात का बाळगतात? कणगीतले धान्य उंदीर खातात, म्हणून. इजिप्त देशातले लोकही फार पूर्वीपासून मांजर पाळीत. नाईल नदीच्या काठी त्यांची शेती. मांजर उंदीर मारी, साप मारी. म्हणून तिला मोठा मान.

त्यांची एक देवी होती. तिचे नाव बास्तेत. आधी तिला सिंहिणीचे तोंड दाखवीत. पुढे मांजरीचे दाखवू लागले. ती घर सांभाळते, लेकुरवाळीला जपते, असा लोकांचा भाव होता.

बुबास्तिस गावी तिचे मोठे देऊळ होते. तिथल्या जत्रेची हकीकत हिरोडोटस या ग्रीक प्रवाशाने सुमारे २,४०० वर्षांपूर्वी लिहून ठेवली आहे. बाया-बापे होड्यांत बसून, गात-वाजवीत जत्रेला येत.

भाविक लोक देवीला काशाची मूर्ती वाहत. कासे म्हणजे तांबे आणि कथील यांचा मिलाफ. तुम्ही म्हणाल, मूर्ती करीत कशी? आधी मेणाची मांजर करायची. तिच्यावर माती लिंपायची, एक भोक ठेवायचे. भट्टीत तापवले की मेण वितळून वाहून जाई. आत मांजरीच्या आकाराची पोकळी राही. तीत काशाचा रस ओतायचा. निवला, की माती फोडायची. झाली मूर्ती! आपल्या देशातही ही रीत फार जुनी आहे.

देवळात मूर्तींची दाटी झाली, की पुजारी त्या आवारात पुरून ठेवीत. देवाची वस्तू टाकायची कशी? म्हणूनच अशा कितीतरी मूर्ती टिकल्या. आज त्या कैरो, लंडन, पॅरिस इथल्या संग्रहालयांत आहेत.

काही मूर्तींच्या बैठकीवर अक्षरे कोरलेली आहेत. देवी अमक्याला, अमक्याच्या मुलाला, आयुष्य देवो, असे ते मागणे. पुढे ती लिपीच लोक विसरले. शेकडो वर्षे ती कोणाला वाचता येईना. १८२२ साली शांपोल्यों या फ्रेंच पंडिताने तिचा उलगडा केला. तेव्हा ती नावे पुन्हा माणसांच्या तोंडी आली. ज्याचे नाव घेतले जाते तो जिवंत राहतो, असे इजिप्तचे लोक मानीत.

त्या काळी लिहिता येणारे थोडेच. पुष्कळ मूर्तींवर अक्षर नाही. त्याही कोणीतरी मोठ्या आशेने आणल्या होत्या. मूर्ती आहे, पण आणणाऱ्याचे नाव गेले.